बँकेने कापलेले पैसे परत मागताना: पासबुक, पोच आणि तीस दिवस

माझ्या जुन्या सॅलरी अकाउंटमध्ये १,६४० रुपये पडून होते. मार्चअखेर पुण्यातली नोकरी सोडून मी नाशिकला आले, नव्या ऑफिसने दुसऱ्याच बँकेत खातं उघडून दिलं आणि जुन्या खात्याचा मला चक्क विसर पडला. ऑक्टोबरात कशासाठी तरी पासबुक मशीनमध्ये घातलं, तर शेवटच्या तीन ओळी अशा होत्या: ५ ऑगस्ट, ५९०. ५ सप्टेंबर, ५९०. ५ ऑक्टोबर, ४६०. शिल्लक शून्य. तिसऱ्या वेळीही ५९०च घ्यायचे असणार, पण खात्यात तेवढे उरलेच नव्हते.

सलग तीन महिने पगार जमा झाला नाही, म्हणून बँकेने खात्याची झिरो बॅलन्सची सवलत काढून घेतली होती. खातं साधं बचत खातं झालं आणि त्याला १०,००० रुपयांचा मिनिमम बॅलन्स लागू झाला. हे सगळं मला नंतर कळलं.

ते १,६४० रुपये पुढे सगळे परत मिळाले. पहिल्या दिवशी शाखेत जाऊन मी भरपूर वाद घातला होता, त्याचा मात्र काडीचा उपयोग झाला नाही. "एवढा चार्ज कसा काय लावता?" याला बँकेकडे तयार उत्तर असतं: दरपत्रकात आहे, बघा. किती शुल्क लावायचं हा बहुतेक बाबतीत बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो, त्यामुळे 'चार्ज जास्त आहे' ही तक्रार शाखेत टिकत नाही आणि बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडेही टिकत नाही. टिकतो तो वेगळाच प्रश्न: हा चार्ज लावण्याआधी बँकेने जे करायला हवं होतं, ते केलं का? सूचना दिली का? मुदत दिली का? माझी संमती घेतली का? दरपत्रकात तो त्या तारखेला होता का?

पुढचं सगळं या प्रश्नांभोवतीच आहे.

पहिली पायरी: स्टेटमेंट काढा आणि १.१८ने भागा

पासबुकावर विसंबू नका. त्यात चार्जचं नाव अर्धवट छापलेलं असतं आणि मशीन मधूनच ओळीवर ओळ चढवतं. बँकेच्या ॲपमधून किंवा नेट बँकिंगमधून गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा, प्रिंट घ्या आणि तुम्ही स्वतः न केलेल्या प्रत्येक खर्चाखाली रेघ मारा. पहिल्यांदा करताना तासभर जातो. पुढच्या वर्षी दहा मिनिटं लागतात.

आता विचित्र आकडे. बँकेच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणून कोड्यात टाकणारी रक्कम दिसली की तिला १.१८ने भागायचं. १७.७०चे १५ निघतात. दर तीन महिन्यांनी ही ओळ येत असेल तर बहुधा एसएमएसचे पैसे. २३६चे २०० निघतात, वर्षातून एकदा दिसले तर डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क असण्याची शक्यता मोठी. २७.१४चे बरोबर २३: फुकट व्यवहार संपल्यावर एटीएमचा एक व्यवहार. आणि माझ्या ५९०चे ५००. मूळ रक्कम हाती आली की दरपत्रकात ती शोधणं सोपं जातं, कारण तिथे बहुधा जीएसटी वगळूनच आकडे दिलेले असतात.

दोन आकडे मात्र या हिशोबात बसणार नाहीत: २० आणि ४३६. मे-जूनच्या सुमारास हे कापले गेले असतील तर ते चार्ज नव्हेत. २० रुपये पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे, ४३६ जीवन ज्योती विमा योजनेचे. संमतीचा फॉर्म भरला नसेल तर जाब जरूर विचारा आणि पुढची कपात थांबवा. पण बंद करण्याआधी घरात एकदा विचारा. २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आहे. घरच्यांनी खातं उघडताना सही केलेली असते आणि नंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

दुसरी पायरी: रेघ मारलेल्या ओळी वेगळ्या करा

सगळ्याच कपाती परत मिळत नाहीत. जादा चेकबुक मागवलं, डिमांड ड्राफ्ट काढला, खात्यात पैसे नसताना ईएमआयचा हप्ता बाऊन्स झाला, तर तो चार्ज मुकाट्याने सोडून द्या. फार तर "पहिलीच वेळ आहे" म्हणून विनंती करून बघा; कधी कधी मॅनेजर अर्धा माफ करतात, पण ती त्यांची मर्जी. आपण शोधायच्या त्या ओळी, जिथे नियम आपल्या बाजूने आहे. नेहमी आढळणाऱ्या सांगते.

*मिनिमम बॅलन्स.* सर्वांत जास्त पैसे इथेच जातात. संसदेत सरकारने दिलेल्या उत्तरानुसार २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी याच कारणासाठी जवळपास ८,५०० कोटी रुपये गोळा केले, आणि यात खासगी बँका धरलेल्या नाहीत. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यांची ही अट काढून टाकली. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही दंड बंद केला. बहुतेक खासगी बँकांत अट कायम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी ती ५०,००० केली होती आणि ओरड झाल्यावर १५,०००वर आणली. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी स्पष्ट सांगितलं की मिनिमम बॅलन्स किती ठेवायचा हे बँकांनी ठरवायचं.

रक्कम बँक ठरवते, दंड लावण्याची रीत मात्र रिझर्व्ह बँकेने ठरवून दिली आहे. २० नोव्हेंबर २०१४चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेलं. शिल्लक कमी पडली की आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं. कळवल्यापासून किमान एक महिना शिल्लक भरायला द्यायचा. तरीही भरली नाही तरच दंड. दंडही सरसकट नाही, जेवढी शिल्लक कमी पडली त्या प्रमाणात. आणि निव्वळ या दंडापायी बचत खातं उणे शिलकीत जाता कामा नये. म्हणजे चार अटी झाल्या. त्यातली एक जरी मोडली असेल तर तुमचा अर्ज उभा राहिला.

माझ्या बाबतीत एसएमएस आला होता, पण ९ सप्टेंबरला. तोवर दोनदा पैसे कापून झाले होते.

*बंद पडलेलं खातं.* दोन वर्षं तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय धरलं जातं. १ एप्रिल २०२४ पासून अशा खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावता येत नाही आणि खातं पुन्हा सुरू करून द्यायलाही पैसे घेता येत नाहीत. "रिॲक्टिव्हेशन चार्ज भरा" असं काउंटरवर ऐकू आलं, तर हा नियम शांतपणे सांगा.

*एटीएम.* स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरात तीन आणि इतरत्र पाच. यासाठी महानगरं सहाच धरतात: मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूरु, हैदराबाद. पुणे त्यात नाही. पुणेकरांना हे पटायचं नाही, पण इथे महानगर नसण्यातच दोन व्यवहारांचा फायदा आहे. त्यापुढच्या व्यवहाराला १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये अधिक कर. मशीनमध्ये नोटा नव्हत्या, सर्व्हर बंद होता, पिन चुकला, तर तो व्यवहार फुकटच्या मोजणीत धरायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये सांगून ठेवलंय. स्वतःच्या बँकेच्या मशीनवर नुसतं बॅलन्स बघणंही मोजायचं नाही.

खात्यातून पैसे गेले, पण नोटा आल्याच नाहीत, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपणहून परत करायची असते. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. समजा १ तारखेला अडकलेले पैसे १५ तारखेला परत आले: मुदत ६ तारखेला संपली, नऊ दिवस उशीर, ९०० रुपये. ही भरपाई ग्राहकाने न मागताच द्यायची असा नियम आहे. प्रत्यक्षात मूळ रक्कम परत आली की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि भरपाईचं विसरतात. यूपीआयने एखाद्याला पाठवलेले पैसे आपल्याकडून गेले पण समोरच्याला पोचले नाहीत, तर मुदत एकच दिवस, पुढे तेच रोजचे १०० रुपये.

*एसएमएसचे पैसे.* २०१३ पासूनचा दंडक असा की प्रत्यक्ष किती मेसेज पाठवले त्या हिशोबाने पैसे घ्यायचे. तिमाहीत एकही व्यवहार नसलेल्या खात्यातून १७.७० गेले असतील तर किती मेसेज पाठवले ते विचारा. रक्कम छोटी असली तरी नवख्या माणसाने पहिला अर्ज याचा करावा, हात बसतो.

*कर्ज.* इथे आकडे मोठे असतात. वैयक्तिक कारणासाठी घेतलेलं, बदलत्या व्याजदराचं कर्ज, म्हणजे बहुतेक गृहकर्जं, मुदतीआधी फेडायला बँक शुल्क लावू शकत नाही. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांबाबत ही मोकळीक वाढवून व्यक्तींच्या व्यवसायकर्जांनाही दिली आहे. हप्ता चुकल्याचा दंड व्याजदर वाढवून वसूल करता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये. वाचून खोटं वाटेल, पण नियम आहे, डिसेंबर २०२३ पासून. आणि ऑक्टोबर २०२४ नंतरचं रिटेल, म्हणजे व्यक्तीला दिलेलं, कर्ज असेल तर मंजुरीच्या वेळी दिलेलं केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट) नावाचं पत्रक शोधून काढा. सगळी शुल्कं त्यात लिहिलेली असतात. जे शुल्क त्यात नाही, ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या पूर्ण मुदतीत कधीही लावता येत नाही.

*क्रेडिट कार्ड.* कार्ड बंद करायचा अर्ज दिल्यावर, बाकी काही देणं नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं. नाही झालं तर रोजचे ५०० रुपये तुम्हाला. लेट फी लावायची ती देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्यावरच.

*गळ्यात मारलेला विमा.* एफडी करायला गेलेल्या सासऱ्यांना पाच वर्षं हप्ते भरायची पॉलिसी घेऊन घरी आलेलं आमच्या ओळखीत दोन घरांनी पाहिलंय. पॉलिसीची प्रत हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. किरकोळ वजावट होऊन बाकी पैसे मिळतात. हे ३० दिवस निसटले तर पुढची लढाई लांबते, म्हणून इतर सगळी कामं बाजूला ठेवून आधी हे करा.

तिसरी पायरी: बँकेचं दरपत्रक

प्रत्येक बँकेच्या वेबसाइटवर 'सर्व्हिस चार्जेस' नावाचं पान असतं, बहुधा तळाशी, बारीक अक्षरांत. शाखेतही ते लावलेलं किंवा उपलब्ध असलं पाहिजे. तुमच्या खात्याचा प्रकार नेमका कोणता हे आधी बघा, कारण 'रेग्युलर', 'क्लासिक', 'प्रीमियम' अशा प्रत्येक नावाला वेगळा मिनिमम बॅलन्स असतो. मग तुमच्या कपातीच्या तारखेला लागू असलेलं दरपत्रक शोधा. आजचं पत्रक जुन्या कपातीला लावू नका.

माझ्या बँकेचं कलम असं होतं: कमी पडलेल्या रकमेच्या ६ टक्के किंवा ५०० रुपये, यांतलं जे कमी असेल ते. माझ्याकडे १,६४० होते, म्हणजे ८,३६० कमी. त्याचे ६ टक्के ५०१ रुपये ६० पैसे. म्हणून ५००, वर ९० रुपये जीएसटी. हिशोब चोख होता. रकमेत चूक नाही हे स्वतः पडताळल्यामुळे मी अर्जात तो मुद्दा घातलाच नाही, आणि त्याचा फायदा झाला. चुकीचा एक मुद्दा घातला की उत्तर देणारा नेमका त्यालाच उत्तर देतो आणि बाकीचे तसेच राहतात.

चौथी पायरी: शाखेत जा, पण पोच घेतल्याशिवाय परतू नका

शाखेत काय होतं ते सांगते.

"मॅडम, हे सिस्टिमनं ऑटो कापलंय. आमच्या हातात काही नसतं."

"बरोबर आहे सर. मग ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे माझा अर्ज पाठवा. एवढी पोच द्या फक्त."

"पोच कशाला? मी सांगतो ना वर."

"तुम्ही सांगालच. माझ्याकडेही एक कागद असू दे."

पाच मिनिटांनी शिक्का मिळाला. हा साहेब वाईट नव्हता, हे मुद्दाम लिहिते. शाखेतल्या माणसांवर टार्गेटचा आणि रांगेचा ताण असतो आणि चार्ज त्यांनी ठरवलेला नसतो. त्यांच्यावर आवाज चढवून काही मिळत नाही. पण तोंडी आश्वासनावर घरी येऊ नका. पुढची सगळी मोजणी अर्जाच्या तारखेपासून होते आणि ती तारीख सिद्ध करतो तो पोचेवरचा शिक्का, नाहीतर ईमेल, नाहीतर ॲपमध्ये मिळालेला तक्रार क्रमांक. शाखा पोच देत नसेल तर बाहेर येऊन तोच मजकूर बँकेच्या अधिकृत तक्रार ईमेलवर पाठवा किंवा स्पीड पोस्टाने पाठवा.

अर्ज मराठीत चालतो. अर्ध्या पानापेक्षा मोठा नको. माझा असा होता:

प्रति, शाखाधिकारी.
विषय: मिनिमम बॅलन्सपोटी कापलेली रक्कम परत मिळणेबाबत.
महोदय, माझ्या बचत खात्यातून ५ ऑगस्ट व ५ सप्टेंबर रोजी प्रत्येकी ५९० रुपये आणि ५ ऑक्टोबर रोजी ४६० रुपये, असे एकूण १,६४० रुपये कापण्यात आले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार शिल्लक कमी असल्याची सूचना देऊन किमान एक महिन्याची मुदत दिल्यानंतरच दंड आकारता येतो. पहिल्या दोन कपातींपूर्वी मला कोणतीही सूचना मिळालेली नाही. ९ सप्टेंबर रोजी एसएमएस मिळाला व त्यानंतर २६व्या दिवशी तिसरी कपात झाली. तरी संपूर्ण रक्कम जीएसटीसह खात्यात जमा करावी. आपल्या नोंदीनुसार आधी सूचना पाठवली असल्यास तिची तारीख, माध्यम व मजकूर लेखी कळवावा. सोबत स्टेटमेंटची प्रत जोडली आहे.

यातलं '२६व्या दिवशी' हे वाक्य माझ्या पहिल्या अर्जात नव्हतं. ते नंतर कसं आलं ते पुढे सांगते. 'सूचना पाठवली असल्यास तारीख कळवावी' हे वाक्य मात्र पहिल्यापासून होतं, आणि अख्ख्या पत्रात सगळ्यात जास्त काम त्यानेच केलं. मला सूचना मिळाली नाही हे मी कसं सिद्ध करणार? पाठवली, हे दाखवणं बँकेला सोपं. म्हणून चेंडू त्यांच्याकडे टोलवायचा.

एक सावधगिरी. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर जुना असेल आणि बँकेने त्यावर एसएमएस पाठवला असेल, तर हा मुद्दा लंगडा पडतो. नंबर बदलला की बँकेत कळवा, आजच.

आणि परिपत्रकांचे क्रमांक अर्जात ठासून भरू नका. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये हजारो जुनी परिपत्रकं मोडीत काढून त्यांतले नियम नव्या एकत्रित निर्देशांत घेतले. जुना क्रमांक लिहिला की "हे परिपत्रक आता लागू नाही" एवढ्यावर बोळवण व्हायची. नियम काय सांगतो ते लिहा.

पाचवी पायरी: वरच्या मजल्यावर

शाखेकडून दहा दिवसांत काही आलं नाही, म्हणून मी तोच अर्ज पोचेच्या फोटोसह बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याला, ईमेल केला. हे नाव आणि पत्ता प्रत्येक बँकेच्या वेबसाइटवर 'ग्रीव्हन्स' किंवा 'तक्रार निवारण'खाली असतो. बारा दिवसांनी उत्तर आलं: पहिल्या दोन कपाती, १,१८० रुपये, 'सदिच्छा म्हणून' परत करत आहोत, तिसऱ्या कपातीपूर्वी एसएमएस पाठवला असल्याने ती योग्य आहे.

मी कॅलेंडर काढून बोटांनी दिवस मोजले. ९ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर, २६ दिवस. महिना भरलाच नव्हता. एवढंच लिहून परत ईमेल केला. आधीच मोजले असते तर एक फेरा वाचला असता. तीन आठवड्यांनी ४६० रुपये आले, खुलासा वगैरे काही नाही, नुसती एक एंट्री.

'सदिच्छा म्हणून' या शब्दांवर वाद घालत बसू नका. पैसे आले ना, पुढे चला. फक्त जीएसटीसह आलेत का ते बघा. ५९०च्या जागी ५०० जमा झाल्याची उदाहरणं आहेत.

सहावी पायरी: तीस दिवसांनंतर लोकपाल

बँकेने तक्रार फेटाळली, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं. पूर्वी वेगवेगळ्या योजना होत्या, नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या एकत्र केल्या. तक्रार फुकट आहे. वकील लागत नाही. उलट वकिलामार्फत केलेली तक्रार घेतच नाहीत.

पोर्टलचा पत्ता: सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. मोबाइलवर ओटीपी येतो, बँक निवडायची, बँकेकडे पहिली तक्रार कोणत्या तारखेला केली ते भरायचं, अर्जाची प्रत, पोच आणि स्टेटमेंट जोडायचं, किती रक्कम हवी ते लिहायचं. ऑनलाइन जमत नसेल तर साध्या टपालाने: केंद्रीकृत प्राप्ती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंडीगड १६००१७. काही विचारायचं असेल तर १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

तक्रार परत येण्याची कारणं ठरलेली असतात. बँकेकडे आधी तक्रारच केलेली नसते. किंवा केली असते पण तीस दिवस होऊ दिलेले नसतात. किंवा तेच प्रकरण कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असतं. किंवा, मघाशी म्हटलं तसं, तक्रारीचा मजकूर 'चार्ज फार जास्त आहे' एवढाच असतो. २०२१च्या योजनेत बँकेच्या उत्तरानंतर वर्षभराची मुदत होती. योजना बदलली की अशा मुदतीही बदलतात, तेव्हा पोर्टलवर चालू मुदत बघून घ्या. वर्ष आहे म्हणून वर्ष लावू नका.

बहुतेक छोटी प्रकरणं लोकपालांचा निवाडा होण्याआधीच मिटतात, असा माझ्या आजूबाजूचा अनुभव आहे. पोर्टलवर क्रमांक पडला की बँकेतून फोन येतो.

जिल्हा बँक, पतसंस्था, आणि ग्राहक आयोग

महाराष्ट्रात बऱ्याच घरांचं एखादं खातं सहकारात असतं, म्हणून हे वेगळं लिहिते. मोठ्या नागरी सहकारी बँका लोकपालांच्या कक्षेत आहेत. जिल्हा मध्यवर्ती आणि राज्य सहकारी बँका १ नोव्हेंबर २०२५ पासून आल्या. पतसंस्था मात्र बँक नव्हे. नाव 'अर्बन', फर्निचर बँकेसारखं, पासबुकही तसंच, तरी ती सहकारी संस्था कायद्याखाली येते. तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्ह्याच्या उपनिबंधकांकडे करायची. रिझर्व्ह बँकेला पत्र लिहून महिने वाया घालवू नका.

ग्राहक आयोगाचा रस्ता सगळ्यांना खुला आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण पाचशे-हजारासाठी तारखांवर जाणं परवडत नाही. कर्जातली मोठी रक्कम किंवा कागदपत्रांचा घोळ असेल तरच विचार करा. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलून घ्या.

लाडकी बहीणचे पैसे आणि शून्य शिलकीचं खातं

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते, ३,००० रुपये, खात्यांत पडले तेव्हा आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, आले पण आणि गेले पण." कित्येक वर्षं न वापरलेल्या खात्यावर जुन्या दंडाची थकबाकी साचलेली होती आणि पैसे येताच बँकेने ती वळती करून घेतली. राज्यभर अशा तक्रारी झाल्या, आणि हे पैसे कापू नका असं सरकारने बँकांना सांगितलं. मावशींच्या अर्जावर आम्ही दोनच मुद्दे लिहिले: थकबाकी कोणत्या महिन्यांची आहे ते दाखवा, आणि प्रत्येक दंडाआधीची सूचना दाखवा. चौथ्या दिवशी पैसे परत.

त्याच दिवशी खातंही बदलून घेतलं. 'बेसिक सेव्हिंग्ज' म्हणजे बीएसबीडी खातं प्रत्येक बँकेला द्यावंच लागतं. मिनिमम बॅलन्स नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं फुकट. आधीपासूनचं बचत खातं लेखी अर्जाने त्यात बदलता येतं. एक अट मात्र आहे, त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. शाखा हे आपणहून सांगत नाही, 'बीएसबीडी' हा शब्द उच्चारावा लागतो.

आणखी एक. पैसे परत मिळवताना पैसे घालवू नका. बँकेचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधून फोन लावू नका; तो कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या ॲपमध्येच बघा. रिफंडसाठी ओटीपी, पिन, स्क्रीन शेअरिंगचं ॲप यांतलं काहीही लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे जातात, येत नाहीत. आणि 'टक्केवारीवर रिफंड मिळवून देतो' म्हणणाऱ्याला तुमचं स्टेटमेंट देऊ नका.

माझं ते जुनं खातं मी १,६४० जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बंद केलं. तोच साहेब होता. बंद करायच्या फॉर्मवर कारण विचारलेलं असतं, तिथे काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाला, "गावाला शिफ्ट झालो, असं लिहा मॅडम. लवकर होतं."